मीठ तेवढंच राहतं

कैरीचं लोणचं घालून आठवडा झाला की घरातलं कोणीतरी बरणीत चमचा घालतंच. त्या वेळी मीठ वेगळं लागतं, तिखट वेगळं, मोहरी वेगळी, आणि फोड तर या सगळ्यांशी ओळखच झालेली नसावी इतकी करकरीत. दोन-अडीच महिन्यांनी तीच बरणी उघडली की लोणचं मुरलेलं असतं. मीठ मात्र घातलं होतं तेवढंच असतं, कणभरही कमी झालेलं नसतं. फोडीनं ते आत घेतलेलं असतं, खार सुटलेला असतो, तेल आणि मसाला एकजीव झालेला असतो, म्हणून ते जिभेवर एकटं येत नाही. घालतानाच मीठ जास्त पडलं असेल तर ते लोणचं तीन वर्षं ठेवलं तरी खारटच राहतं. टिकतं मात्र उत्तम.

'टिकणं' आणि 'मुरणं' असे दोन वेगळे शब्द आपल्या भाषेत आहेत, ही मोठी सोय आहे. पापड टिकतो, पण मुरत नाही. वाइनच्या बाबतीत या दोन गोष्टींची सतत गल्लत होते, आणि ती सर्वांत जास्त होते सिराह द्राक्षाच्या दणकट, गडद, १५-१६ टक्के अल्कोहोलच्या वाइनबाबत. 'एवढी ताकदीची वाइन आहे, वीस वर्षं सहज राहील,' असं म्हणून लोक अशा बाटल्या तळघरात आडव्या ठेवून देतात. ताकद आहे हे खरं. वीस वर्षांनी बाटलीत काहीतरी दमदार शिल्लक असेल हेही बहुधा खरं. पण ती मुरलेली असेल का, हा प्रश्न निराळा आहे. या प्रकरणात त्याचाच माग काढू.

सुरुवात एका टेकडीपासून करावी लागेल. फ्रान्समध्ये ल्यों शहरापासून रोन नदीच्या काठाकाठानं दक्षिणेला निघालं की ताँ-लेर्मिताज नावाचं छोटं गाव लागतं. गावाच्या पाठीशी, दक्षिणेकडे तोंड करून, एक उभी चढण आहे. पायऱ्यापायऱ्यांनी बांधून काढलेली, दिवसभर ऊन खाणारी, पश्चिमेच्या अंगाला ग्रॅनाइटची. हिचं नाव एर्मिताज, म्हणजे साधूची मठी. तेराव्या शतकात युद्धाला कंटाळलेला स्टेरिंबर्ग नावाचा एक सरदार इथे येऊन राहिला, अशी कथा सांगतात. माथ्यावर सेंट ख्रिस्तोफरच्या नावाचं एक लहानसं चॅपल आजही उभं आहे. द्राक्षाखालची सगळी जमीन सुमारे १३५ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबानं सव्वातीनशे एकरांच्या आसपास. जगातली दीर्घायुषी सिराह म्हणजे काय, याचं माप या एवढ्याशा जमिनीनं घालून दिलं.

हे द्राक्ष इराणातल्या शिराझ शहरातून आलं, असंही पूर्वी सांगत. १९९०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस आणि फ्रान्समधल्या माँपेलिये इथल्या संशोधकांनी डीएनए तपासून सिराहचे आईबाप शोधले. द्युरेझा आणि माँद्यूझ ब्लांश ही ती दोन द्राक्षं, आणि दोन्ही आग्नेय फ्रान्समधलीच. ऑस्ट्रेलियात मात्र 'शिराझ' हे नाव रुजलं ते रुजलंच, आणि नाशिकच्या बाटल्यांवरही आपण तेच वाचतो.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात एर्मिताजचा दबदबा एवढा होता की बोर्दोचे व्यापारी आपल्या पातळ वर्षांच्या वाइनमध्ये ती मिसळून रंग आणि अंग भरत. हे लपूनछपून चालत नसे. अशा मिश्रणाला 'एर्मिताजे' म्हणत आणि त्याला भावही चढा मिळे. पुढे विसाव्या शतकात पॉल झाबुले एने या घराण्याची 'ला शापेल' ही वाइन, टेकडीवरच्या त्याच चॅपलच्या नावाची, सिराहच्या मुरण्याचा दाखला मानली जाऊ लागली. तिचं १९६१ सालचं पीक तर दंतकथाच झालं. १९९९ साली 'वाइन स्पेक्टेटर' मासिकानं शतकातल्या बारा वाइन निवडल्या, त्यांत ती होती.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. त्या काळच्या रोन खोऱ्यातल्या वाइनमध्ये अल्कोहोल साधारण १२ ते १३ टक्के असे. चाळीस-पन्नास वर्षं जगलेल्या ज्या बाटल्यांच्या जोरावर 'सिराह मुरते' हे आपण म्हणतो, त्या आजच्या अर्थानं जहाल नव्हत्याच. त्यांची ताकद सालीतून आलेल्या टॅनिनमध्ये, म्हणजे तुरटपणात होती, आम्लात होती आणि रंगात होती. तरुणपणी त्या प्यायला कठीण असत. पाच-सहा वर्षांनी तर त्या मिटून जात. सुगंध आत ओढून घेत आणि कित्येक वर्षं काहीच बोलत नसत. अशा बाटलीला जाणकार 'मुकी' म्हणतात. एर्मिताज घेणारा माणूस हे गृहीत धरूनच घेई.

उष्ण देशातली सिराह मुरवता येईल, असा विचार पहिल्यांदा जिद्दीनं केला तो मॅक्स शुबर्ट यांनी. त्यांची गोष्ट मला या सगळ्या विषयाचं हृदय वाटते, म्हणून इथे जरा थांबू. शुबर्ट हे दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पेनफोल्ड्स कंपनीचे वाइनमेकर. १९५० साली कंपनीनं त्यांना युरोपात पाठवलं ते शेरी कशी करतात हे पाहायला, कारण तेव्हा ऑस्ट्रेलियाचा धंदा शेरी आणि पोर्ट यांसारख्या, वरून स्पिरिट घातलेल्या मद्यांवर चाले. स्पेनचं काम आटोपून ते बोर्दोला गेले. तिथे ख्रिस्तियाँ क्रूज या व्यापाऱ्यानं त्यांना चाळीस-पन्नास वर्षं जुन्या रेड वाइन चाखवल्या. साधी वाइन, वरून थेंबभरही स्पिरिट न घातलेली, अर्धं शतक जगते आणि त्यात सुंदर होत जाते, हे शुबर्ट यांनी पहिल्यांदाच अनुभवलं.

परत येऊन त्यांनी ठरवलं की असं काहीतरी आपल्या मातीतून करायचं. बोर्दोचं काबर्ने द्राक्ष दक्षिण ऑस्ट्रेलियात फारसं मिळत नव्हतं. शिराझ मुबलक होतं. नवी ओक पिपं फ्रान्सची नव्हती, अमेरिकेची होती. हाताशी होतं त्यातून त्यांनी १९५१ साली 'ग्रेंज' नावाची पहिली प्रायोगिक वाइन केली. आंबवताना तापमान ताब्यात ठेवलं, साली रसात बुडवून ठेवण्यासाठी वरून फळ्या लावल्या, आणि आंबणं पूर्ण व्हायच्या आधीच रस नव्या पिपांत भरला. काही वर्षांनी या वाइन लोकांपुढे ठेवल्या तेव्हा त्या कोणालाच पचल्या नाहीत. कोणी तिला कोरडी पोर्ट म्हटलं, कोणी त्याहून वाईट बोललं. १९५७ साली व्यवस्थापनानं ग्रेंज बंद करण्याचा लेखी आदेश दिला. शुबर्ट यांनी ती बंद केली नाही. १९५७, १९५८ आणि १९५९ ही तीन वर्षं कंपनीच्या मॅगिल इथल्या तळघरात ग्रेंज गुपचूप होत राहिली. नव्या पिपांना पैसे नव्हते, म्हणून जुन्यांवर भागवलं. दरम्यान आधीच्या बाटल्या तळघरात पडून होत्या आणि पडून राहण्याचं काम त्या चोख करत होत्या. त्याच वाइन पुन्हा चाखल्यावर मंडळींचं मत फिरलं आणि १९६०मध्ये आदेश मागे घेतला गेला. १९७९ साली पॅरिसमध्ये गो-मियो मासिकानं भरवलेल्या वाइन ऑलिंपिकमध्ये १९७१ची ग्रेंज सिराह-शिराझ गटात पहिली आली. मुरण्याची बाजू वकिलांशिवाय, फक्त वेळानं जिंकलेली अशी उदाहरणं फार नसतील.

पण इथेही आकडा तपासायला हवा. सुरुवातीच्या दशकांतल्या ग्रेंजमध्ये अल्कोहोल आजच्यापेक्षा कमी असे. आज ती साडेचौदाच्या आसपास असते. उष्ण प्रदेशातली वाइनही मुरते हे शुबर्ट यांनी नक्कीच सिद्ध केलं. सोळा टक्क्यांची वाइन मुरते, हे त्यातून सिद्ध होत नाही.

हे आकडे वाढले कसे, ते पाहण्यासाठी द्राक्षाच्या मण्यात शिरावं लागेल. एक लिटर रसात साधारण १७ ग्रॅम साखर असली की आंबल्यावर एक टक्का अल्कोहोल तयार होतं. १३ टक्क्यांच्या वाइनला लिटरमागे सुमारे २२० ग्रॅम साखर पुरते. साडेपंधरा टक्क्यांना २६०च्या पुढे लागते. ही वरची चाळीस ग्रॅम साखर मिळवायची तर द्राक्ष वेलीवर आणखी दिवस ठेवावं लागतं. सिराहच्या मण्याची एक खोड आहे. पिकण्याच्या अखेरच्या टप्प्यात तो पाणी गमावतो आणि आक्रसू लागतो, त्यामुळे साखर झपाट्यानं दाट होते. १९८०-९०च्या दशकांत वेलींची निगा सुधारली, हवामान तापत गेलं, साखर शेवटपर्यंत फस्त करणारे यीस्ट आले. याच काळात रॉबर्ट पार्कर यांच्यासारख्या समीक्षकांना जाड, काळसर, जॅमसारख्या फळाच्या वाइन भावल्या. १०० पैकी ९८-९९ गुण मिळालेल्या, ऑस्ट्रेलियातल्या बारोसा खोऱ्यातल्या शिराझसाठी अमेरिकेत रांगा लागत. कॅलिफोर्नियात जॉन अल्बन, मानफ्रेड क्रांकल यांच्यासारख्या वाइनमेकरांनी सिराहला तिथल्या उन्हाचं पूर्ण माप दिलं. क्रांकल यांच्या सीने क्वा नॉन वायनरीच्या बाटल्यांवर १५-१६ टक्के वाचायला मिळतं. अमेरिकेत १४ टक्क्यांच्या वरच्या वाइनला लेबलवर एका टक्क्याचा फरक चालतो, म्हणजे छापलेले १५ हे प्रत्यक्षात १६ही असू शकतात.

द्राक्ष जास्त पिकलं की फक्त साखरच वाढते असं नाही. उन्हात मण्यातलं मॅलिक आम्ल जळून जातं आणि पीएच वर सरकतो, म्हणजे आंबटपणा घटतो. आणि मुरण्याच्या दृष्टीनं खरं नुकसान इथे होतं.

'अल्कोहोल टिकवतं' या समजाचं मूळ पोर्टमध्ये आहे. पोर्ट शतकभर जगते हे खरं, पण तिच्यात २० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं, लिटरमागे शंभरेक ग्रॅम साखर असते आणि टॅनिनही भरपूर असतं. १८-२० टक्क्यांवर जंतू आणि यीस्ट हातपाय गाळतात. १५-१६ टक्के हा अडनिडा आकडा आहे. ब्रेटॅनोमायसिस नावाचं, तबेल्यासारखा वास आणणारं यीस्ट तग धरू शकतं ते साधारण १४-१५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ते नक्की मेलंच आहे असं म्हणता येत नाही. त्यातच एवढ्या साखरेच्या रसात आंबवणारे यीस्टच दमतात आणि थोडी साखर मागे राहते. ती पुढे कोणाच्या तरी पोटात जाणारच. बाटलीचा दुसरा शत्रू म्हणजे ऑक्सिजन, आणि त्याला अल्कोहोल अडवत नाही. त्याला अडवायला वाइनमेकर सल्फर डायॉक्साइड घालतो. यातला जंतू मारणारा भाग पीएचवर अवलंबून असतो: पीएच ३.५ असेल तर मुक्त सल्फरपैकी सुमारे २ टक्के कामाचा असतो, ३.८ झाला की जेमतेम १ टक्का. दोन वाइनमध्ये सारखंच सल्फर घातलं, तरी अतिपिकल्या द्राक्षाच्या वाइनचं संरक्षण निम्म्यावर येतं. लेबलवर १५.५ वाचून ती राकट वाटते, पण आतून ती नाजूक असते.

आता बाटलीच्या आत काय चालतं ते पाहू. तरुण सिराहचा जांभळटकाळा रंग सालीतल्या अँथोसायनिनचा असतो. ही रंगद्रव्यं एकेकटी असतात तेव्हा चंचल असतात. पहिल्या काही वर्षांत त्यांतली बहुतेक नाहीशी होतात. पण त्यातला मोठा भाग टॅनिनला जाऊन चिकटतो आणि नवे, मोठे, टिकाऊ रंगकण बनतात. म्हणून जुनी सिराह जांभळी न राहता आधी माणकासारखी, मग विटकरी दिसते, पण पाण्यासारखी होत नाही. टॅनिनही आपापसांत जोडलं जातं. खूप मोठे झालेले कण जड होऊन तळाशी बसतात, तो बाटलीतला साका. तुरटपणाची धार बोथट होते, जीभ खरवडली जात नाही, तोंडात मऊ पोत उरतो.

या जोडणीत अल्कोहोलचाही एक छोटा, सुंदर वाटा आहे. नैसर्गिक कॉर्कमधून वर्षाला एखाद-दोन मिलिग्रॅम ऑक्सिजन आत झिरपतो. वाइनमधल्या लोहाच्या अंशांच्या मदतीनं तो अल्कोहोलच्या काही रेणूंचं अॅसिटाल्डिहाइड करतो, आणि हे अॅसिटाल्डिहाइड एका हातानं टॅनिन आणि दुसऱ्यानं रंगकण धरून त्यांच्यात पूल बांधतं. आम्लाचाही थोडा भाग अल्कोहोलशी बांधला जाऊन एस्टर होतो. मात्र या सगळ्याला लागणारं अल्कोहोल इतकं थोडं आहे की लेबलवरच्या आकड्यात कुठे फरक पडत नाही. साडेपंधरा टक्क्यांची बाटली वीस वर्षांनी उघडली तर ती साडेपंधराचीच असते. तिच्यातलं फळ म्हातारं होतं, टॅनिन होतं, रंग होतो. अल्कोहोल होत नाही. बरणीतलं मीठ ते हेच.

आता जिभेचं गणित. अल्कोहोल तोंडात 'गरम' का लागतं, याचं उत्तर २००२ साली मिळालं. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या रिसेप्टरला छेडतं, त्यालाच अल्कोहोलही छेडतं. एरवी ४२ अंशांच्या आसपास 'भाजतंय' म्हणून ओरडणारा हा रिसेप्टर अल्कोहोलच्या सान्निध्यात ३४ अंशांच्या सुमारासच ओरडू लागतो, म्हणजे तोंडाच्या नेहमीच्या तापमानालाच. तरुण वाइनमध्ये गडद फळ, ओकची गोडसर व्हॅनिला आणि टॅनिनचं जाड अंग हे सगळं या उष्णतेवर पांघरूण घालतं. जसजशी वर्षं जातात तसतसं हे पांघरूण विरळ होतं. ज्या वाइनला पाचव्या वर्षी लोकांनी 'मखमली' म्हटलं, तीच बाराव्या वर्षी घशात जळजळ करते, तेव्हा वाइन बिघडली असं वाटतं. खरं तर आग पहिल्या दिवसापासून तेवढीच होती.

सिराहला या वाटेवर एक खास देणगी आहे. तिच्यात काळ्या मिरीचा वास असतो, आणि हे वर्णन अलंकारिक नाही. २००८ साली ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी हा वास देणारा रेणू पकडला. त्याचं नाव रोटुंडोन, आणि आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या मिरीला मिरीचा वास देतो तोही हाच. लिटरमागे १६ नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या सोळा पट, एवढा असला तरी तो जाणवतो, आणि तरीही पाचातल्या एका माणसाला तो मुळीच कळत नाही. मुरण्याच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट अशी की हा रेणू बाटलीत चिवट असतो. फळ गेलं तरी मिरी राहते, आणि जुन्या एर्मिताजला ताठ कणा देते. पण रोटुंडोन थंड जागी, सावकाश पिकणाऱ्या द्राक्षात जास्त तयार होतो. उन्हात भाजून काढलेल्या, १६ टक्क्यांच्या सिराहकडे तो मुळातच कमी असतो.

पहिल्या दोन-तीन वर्षांत आंबवणीतून आलेले ताज्या फळाचे एस्टर विरतात. काही एस्टर टिकतात, आणि डायमिथाइल सल्फाइडचं प्रमाण हळूहळू वाढत जातं. हे नाव ऐकून नाक मुरडू नये. सिराहमध्ये बेतानं असलं तर ते काळ्या ऑलिव्हचा, ट्रफल या जमिनीखालच्या अळंबीचा, मांसाच्या रश्श्याचा सुगंध देतं. जुन्या सिराहवर जीव टाकणारे लोक बहुधा यासाठीच जीव टाकतात. कातडं, सुकं मांस, धूर, ओली पानं असे गोडाकडून खमंगाकडे जाणारे वास आले की ती मुरली असं समजावं. अतिपिकल्या द्राक्षाची वाइन या वाटेला न जाता बरेचदा दुसरीकडेच वळते. मनुका, अंजीर, सुका आलुबुखार यांचा वास आधीपासूनच असतो आणि वयानं तोच वाढतो. बोर्दो विद्यापीठातल्या संशोधकांनी अकाली म्हाताऱ्या झालेल्या रेड वाइनमधल्या या आलुबुखारी वासामागचे रेणू शोधले आहेत. अतिपिकणं आणि ऑक्सिजन या दोन्हींशी त्यांचा संबंध आहे. अशी वाइन वीस वर्षं टिकते, पण पाचव्या वर्षी जी मनुका होती तीच विसाव्या वर्षी असते, फक्त जास्त कोरडी आणि जास्त जळजळीत.

म्हणून माझं मत मी स्पष्ट मांडतो. १५ टक्क्यांवरची बहुतेक सिराह आठ-दहा वर्षांच्या आत प्यावी. तिचं वैभव तारुण्यातच असतं आणि त्यात कमीपणा काही नाही. हापूस आंबा वर्षभर ठेवायची धडपड कोणी करत नाही. अपवाद मात्र खरे आहेत. रात्री थंड होणाऱ्या जागेची, पीएच आटोक्यात असलेली, भरपूर टॅनिनची, काही वेळा घडाच्या देठासकट आंबवलेली जड सिराह पंधरा-वीस वर्षांनी फार सुंदर होऊ शकते. देठ टॅनिन आणि मसालेदार वास देतात, थोडं अल्कोहोल शोषूनही घेतात. हे अपवाद आधी ओळखायचे तर लेबलवरचा आकडा पुरेसा नाही. एक बाटली तरुणपणीच उघडावी, निम्मी प्यावी, उरलेलीला कॉर्क लावून थंड जागी ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी चाखावी. दुसऱ्या दिवशी फळ उमललं, मिरी वर आली, तर बाकीच्या बाटल्या खुशाल ठेवाव्यात. मनुका आणि जळजळ पुढे आली तर वाट पाहण्यात अर्थ नाही. आणि तरुणपणीच जी घशाला लागते, ती ठेवून गोड होईल या आशेवर पैसे अडकवू नयेत. तुरटपणा वयानं जातो, अल्कोहोल जात नाही.

आता तळघराबद्दल. युरोपातली जमिनीखालची तळघरं बारा-तेरा अंशांवर वर्षभर स्थिर असतात, साठ-सत्तर टक्के दमट, अंधारी. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. तेहतीस अंशांवर पडलेली बाटली तेरा अंशांवरच्या बाटलीपेक्षा चौपट वेगानं म्हातारी होते, आणि तिचं म्हातारपणही वेगळ्या जातीचं असतं, कारण सगळ्या क्रिया सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. अशा वाइनला 'शिजलेली' म्हणतात. त्यात जहाल वाइनला धोका थोडा जास्तच. अल्कोहोल पाण्याहून अधिक प्रसरण पावतं, त्यामुळे पंधरावरून पस्तीस अंशांवर गेलेल्या बाटलीतली वाइन साधारण चमचाभर फुगते आणि कॉर्क ढकलते. रात्री गार झालं की आकसते आणि हवा आत ओढते. मे महिन्यात पुण्या-नागपुरात कपाटावर ठेवलेली बाटली हा खेळ रोज खेळत असते.

महाराष्ट्रात हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. नाशिकच्या सुला, यॉर्क वगैरे वायनरींच्या शिराझ घरोघरी पोहोचल्या आहेत, आणि परदेशातून येणारी मुलंबाळं बारोसाची एखादी बाटली हटकून घेऊन येतात. नाशिकमध्ये ऑक्टोबरच्या आसपास छाटणी होऊन जानेवारी ते मार्चमध्ये द्राक्ष काढलं जातं, म्हणजे मणी पिकतो तो हिवाळ्याच्या गार रात्रींत. त्या वाइन मुख्यतः तरुणपणीच पिण्यासाठी केलेल्या असतात आणि तशाच प्याव्यात. जी बाटली खरोखर ठेवायची आहे तिच्यासाठी वाइनचा छोटा फ्रिज हा एकच भरवशाचा मार्ग आहे. त्यात जागा नसेल तर लवकर उघडलेली बाटली शिजलेल्या बाटलीपेक्षा कितीतरी बरी. आणि पिताना सोळा-अठरा अंशांवर प्यावी. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला' हा नियम थंड देशांतल्या खोल्यांचा आहे. आपल्या तीस अंशांच्या दिवाणखान्यात साडेपंधरा टक्क्यांची सिराह नाकात अल्कोहोलच्या वाफाच सोडते. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली की तीच वाइन शहाण्यासारखी वागते.

जुनी बाटली उघडायची तर आदल्या दिवशी उभी करावी, म्हणजे साका तळाशी बसतो. उघडताना कॉर्क तुटेल, घाबरू नये. हळूहळू, एका सलग धारेत ओतावी आणि साका दिसू लागला की थांबावं. तरुण जहाल सिराहला तासा-दोन तासांची हवा मानवते. तीस वर्षांच्या वाइनला ती मानवतेच असं नाही. कधी कधी पहिल्या वीस मिनिटांतच तिचं सगळं बोलून होतं, म्हणून ग्लास लगेच हातात असावा.

पेनफोल्ड्सनं १९९१पासून जुन्या बाटल्यांसाठी एक वेगळाच रिवाज सुरू केला आहे. पंधरा वर्षांहून जुनी बाटली असलेला कोणीही ती घेऊन त्यांच्या शिबिरात जाऊ शकतो. वाइनमेकर मालकासमोरच जुना कॉर्क काढतो, थोडी वाइन ओततो, हुंगतो, चाखतो. वाइन सुस्थितीत असेल तर त्याच वाइनच्या अलीकडच्या पिकातली थोडी भर घालून पातळी पुरी केली जाते, नवा कॉर्क बसतो आणि प्रमाणपत्राचं लेबल लागतं. वाइन ढळलेली असेल तर बाटली साधा कॉर्क लावून, प्रमाणपत्राविना, मालकाच्या हातात परत दिली जाते.